एकोणिसाव्या भागाचा शेवट

१

"दोन्ही फायली जवळजवळ शब्द न् शब्द सारख्या आहेत," स्क्रीनवरून गीतांजली म्हणाली. "म्हणजे तुमच्यातल्या कोणीतरी चोरी केली आहे."

अमरावतीत राजापेठेतल्या किशोर इंगोलेच्या क्लासमध्ये रविवारी सकाळी आम्ही बारा जण बाकांवर बसलो होतो. चोरीचा शब्द निघाला आणि अकरा माना बाराव्या दामिनीकडे वळल्या. माझीही वळली, आणि त्याचाच मला राग आला. फाईल दोघांनी पाठवली होती. मग संशय एकीवरच का?

'शून्यतळ' नावाची मराठी विज्ञानमालिका २०१०-११ मध्ये दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लागायची. शनीभोवती फिरणारं स्थानक, त्यावर नऊ माणसं आणि कमांडर रेवा. बावन्न भाग झाले आणि वाहिनीच बंद पडली. आम्ही मात्र बंद पडलो नाही. अमरावतीचा एक गट आणि अकोल्याचा एक गट पंधरा वर्षं त्या मालिकेवरून भांडतो आहे. हे शक्य होतं का, ते अशक्य होतं का, रेवाचा भाऊ कितव्या भागात खोटं बोलला, असं सगळं. एक्कावन्न भागांची रेकॉर्डिंगं कोणा ना कोणाकडे सापडतात. एकोणिसावा भाग मात्र कोणाकडेच नाही. त्यामुळे दोन चाहते भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "एकोणिसावा पाहिला होता का?"

लोक हसतात. साठी उलटलेली बाई यानांवरून भांडते, असं माझी सून शेजारणींना सांगते. सांगू दे. त्यांच्या मालिकेत एक सासू तीनदा मेली आणि तीनदा परत आली, तिथे कोणाची हरकत नसते.

माझं नाव सरोजिनी. एका परीक्षा विभागात सव्वीस वर्षं कॉपीच्या प्रकरणांची चौकशी करून मी निवृत्त झाले.

आता 'शून्यतळ' पुन्हा येणार आहे. मुंबईची गीतांजली तिची मुख्य लेखिका. तिनं जाहीर केलं होतं की जुन्या मालिकेतल्या न पटणाऱ्या गोष्टींची सगळ्यात चोख यादी जो पाठवेल, तो नव्या मालिकेचा शास्त्रसल्लागार होईल. वर्षभराचं काम, आणि पडद्यावर नाव.

दामिनी भुयार चांदूर बाजारची. वय सत्तावीस. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटलेली, आणि संत्र्याच्या ग्रेडिंग शेडवर सुपरवायझर. तिनं सात तारखेला, शनिवारी, आपल्या हरकती पाठवल्या. पण अकोल्याच्या श्रेयसनं त्याच हरकती चार तारखेलाच, बुधवारी, पाठवल्या होत्या.

"पुढच्या रविवारपर्यंत ठरवा कोणाच्या आहेत," गीतांजली म्हणाली. "नाहीतर दोन्ही बाद." स्क्रीन काळी झाली.

किशोर आमच्या गटाचा अध्यक्ष. तो खुर्ची ओढून दामिनीसमोर बसला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "एक ओळ लिहून दे, चुकून झालं म्हून. प्रकरण मिटून जाते. पोरीच्या जातीले कशाले बदनामी?"

दामिनी उभी राहिली. "किशोरभाऊ, मिटवाचं तुमाले हाये, मले नाई. वही माही हाये. मी काहून माफी मागू?" मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुमी कॉप्या पकडत होत्या ना? पकडा मंग. मी असन तर मले पकडा."

२

मी तिथेच बसून तिघांना वेगवेगळं बोलावलं. कॉपीच्या चौकशीत दोघांना एकत्र बसवू नये, एवढी अक्कल मला सव्वीस वर्षांत आली आहे.

आमच्या गटाचा एक नियम आहे. बाहेर जाणारी प्रत्येक हरकत दोन जणांनी वाचायची आणि वहीच्या शेवटच्या पानावर सही करायची. दामिनीच्या वहीवर किशोर आणि निधी या दोघांच्या सह्या होत्या. तारखा नव्हत्या. तारीख टाकायचा नियम करावा असं मी तीन वर्षं ओरडते आहे, पण माझं ऐकतो कोण?

दामिनी म्हणाली, "तीन तारखेले, मंगळवारी, वही किशोरभाऊच्या हातात देली. गुरुवारी परत नेली. तवा एक्केचाळीस हरकती होत्या. गुरुवारी शेडवर बसल्या बसल्या दोन आनखी सुचल्या, थ्या लिहिल्या. शनिवारी सकाळी निधीनं वाचली, संध्याकाळी मी पाठवली."

किशोर म्हणाला, "मंगळवारी? नाई नाई. वही मले शुक्रवारी भेटली. वाचली, सही केली, देऊन टाकली."

निधी पोस्टात काम करते आणि गटाचा सगळा पत्रव्यवहार पाहते. ती म्हणाली, "काकू, मी आठवडाभर नागपूरला होते, मामेबहिणीच्या लग्नात. शुक्रवारी रात्री आले. शनिवारी वही हातात घेतली तेव्हा त्रेचाळीस होत्या."

"आणि श्रेयसच्या फायलीत?"

निधी खाली पाहू लागली. "एक्केचाळीस. तेच म्हणतोय तो. म्हणे माझ्या एक्केचाळीस घेतल्या आणि दोन घरच्या जोडल्या."

म्हणजे तारीखही दामिनीच्या विरुद्ध आणि आकडाही. तिची वही म्हणजे त्याच्या फायलीला मागून फुटलेली शेपटी वाटत होती.

मी वही वाचायला घेतली. पहिलीच हरकत अशी: स्थानकाची त्रिज्या चाळीस मीटर, मिनिटाला एक फेरी; म्हणजे तिथे माणसाचं वजन पृथ्वीच्या बाविसाव्या हिश्शाएवढं भरेल. मग रेवाच्या ताटातलं वरण इतकं शहाण्यासारखं कसं बसतं? मला हसू आलं. सत्ताविसावीखाली दोन पानं गणित होतं आणि खाली जाड रेघ. हीच तिची सगळ्यात लाडकी. मी आकडे पाहिले, मान डोलावली आणि पान उलटलं.

"तू श्रेयसला कधी भेटलीस?" मी विचारलं.

"एकदा. अकोल्याच्या मेळाव्यात. त्यानं मले इचारलं, शिक्षण किती? मी सांगतलं. मंग तो दुसऱ्याशी बोलाले लागला."

३

मंगळवारी मी एसटीनं अकोल्याला गेले. श्रेयस तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. उंच, स्वच्छ शर्ट, बोलणं नम्र. मी त्याला आडमुठा समजून गेले होते, तसा तो निघाला नाही.

"काकू, बसा न. चहा सांगतो. मले माहीत आहे तुम्ही कशाला आल्या."

मी त्याच्या फायलीची प्रत उघडली आणि वाटेल तिथून विचारू लागले. त्याला सगळं येत होतं. फिरण्यानं वजन कसं येतं, फेरी दुप्पट जोरात केली तर वजन चौपट का होतं, शनीच्या कड्यांतून यान नेणं हा मूर्खपणा का आहे. खडूनं फळ्यावर मांडून दाखवलं. मी म्हटलं, "मालिकेत गोष्ट आधी हवी, गणित मागून." तो म्हणाला, "गोष्ट खोटी चालेल काकू, पण बेइमान नको." आम्ही अर्धा तास भांडलो आणि खरं सांगायचं तर मी हरले. चोर म्हणून आलेल्या माणसाकडून वादात हरणं फार वाईट असतं.

"हे सगळं तुमचं स्वतःचं?"

"शब्द न् शब्द."

फाईल मिटून मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला. "एकोणिसावा पाहिला होता का?"

त्याचा चेहरा खुलला. "काकू, बावन्नच्या बावन्न पाहिले, त्याच वेळी, टीव्हीसमोर बसून. लाइट जायची, पण आमच्या घरी इन्व्हर्टर होता. एकोणिसावा तर तोंडपाठ आहे. कोठारात आग लागते. वसंत इंजिनिअर आत अडकतो. आग विझवायला तो बाहेरची झडप उघडून कोठारातली सगळी हवा अवकाशात सोडून देतो. इकडे कॉरिडॉरमध्ये रेवा दाराशी उभी. हात मुठीवर. दार उघडलं तर कॉरिडॉरमधले सगळे मरतील. ती हात काढून घेते. कपाळ दाराला टेकवते आणि तशीच उभी राहते. संपलं."

सांगताना त्यानं स्वतःचं कपाळ फळ्याला टेकवलं होतं. मलाही ते दृश्य तसंच आठवत होतं. आमच्याकडे लाइट सकाळी जायची, म्हणून मी तो भाग शेवटपर्यंत पाहिलेला. त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

मी उठले. दामिनीला काय सांगायचं, याचाच विचार करत बसस्टँडवर आले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर दुसरं काही करायला नव्हतं म्हणून फाईल उघडली आणि सत्ताविसावी हरकत पहिल्यांदाच नीट वाचली. आकडे सोडून, नुसते शब्द.

मी इतक्या जोरात "अगं बाई!" म्हणाले की कंडक्टरनं विचारलं, मावशी, स्टॉप चुकला का?

४

सत्ताविसाव्या हरकतीचं पहिलं वाक्य असं होतं: "एकोणिसाव्या भागाच्या शेवटी रेवा दार उघडते, तेव्हा साठ मीटर कॉरिडॉरमधली हवा दोन सेकंदांत निघून जायला हवी, मग ती तिथे जिवंत उभी कशी?" त्याखाली दोन पानं हिशेब. आणि हिशेब अगदी बरोबर.

पण रेवानं दार उघडलंच नव्हतं!

माझ्या धंद्यातला पहिला धडा हाच होता. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं असेल तर त्यावरून काही कळत नाही, बरोबर उत्तर कोणालाही येऊ शकतं. चुकीचं उत्तर सारखं असेल, तर ती चूक कोणाच्या घरची ते शोधायचं. ज्या माणसानं तासाभरापूर्वी मला न उघडलेलं दार फळ्याला कपाळ टेकवून सांगितलं, तो माणूस उघडलेल्या दाराचा दोन पानं हिशेब कसा मांडेल? पण नुसतं एवढं पुरेसं नव्हतं. घाईत चुकलो, असं तो म्हणू शकला असता. ती चूक जन्मली कुठे, ते मला पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चांदूर बाजारला गेले. दामिनीला भेटायच्या आधी तिच्या वर्गातला गोपाल गाठला. बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. 'शून्यतळ'चं नाव काढलं आणि त्यानं गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं.

"एकोणिसावा? पाह्यला ना! वसंतले वाचवाले रेवानं खटकन दार उघडलं! जिवाची पर्वा नाई केली तिनं!"

"शेवटपर्यंत पाहिलास?"

त्यानं डोकं खाजवलं. "तसं पाह्यलं तर... आमच्या इथं सव्वाआठले लाइट जाये, काकू. पूरा उन्हाळाभर. रेवाचा हात मुठीवर, आन् लाइट गेली. मंग दुसऱ्या दिवशी शाळेत आमी सगळे बसलो. एक जन म्हने उघडलं, एक म्हने नाई. पन आमची रेवा अशी मांगं कशी हटन? सगळ्यायनं ठरवलं, उघडलंच. मंग लहान पोरायले आमी तसंच सांगतलं."

पंधरा वर्षांत ते ठरवलेलं दृश्य त्यांनी पाहिलेलं होऊन बसलं होतं. पुढच्या भागात वसंतचा अंत्यविधी दाखवला होता, आणि तो दोन्ही शेवटांना चालून जात होता. त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही.

शेडवर दामिनी संत्री निवडत होती. मी तिला सांगितलं. तिच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"नाई. मी पाह्यलं हाये, काकू. तिनं उघडलं."

"लाइट गेली होती, दामिनी. मी पाहिलंय. श्रेयसनंही पाहिलंय. तिनं हात काढून घेतला."

तिनं संत्रं ढिगात परत ठेवलं. मग जे बोलली त्याला मी तयार नव्हते. "म्हंजे पंधरा वर्सं मी ज्या चुकीसाठी त्या मालिकेले नावं ठेवून राहिली, ते चूक आमीच केली होती?"

"हो. आणि ती चूक तुझी आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलंस तरच वही तुझी ठरते."

"आन् माही सगळ्यात मोठी हरकतच खोटी निंगाली तर थे बाई मले काहून घेईन?"

घेईल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. मी तसं तिला सांगितलंही.

५

रविवारी क्लास भरला होता. श्रेयस अकोल्याहून आला होता. गोपाल शेवटच्या बाकावर, गीतांजली स्क्रीनवर. दामिनी काय करणार हे मला ठाऊक नव्हतं, ती बुधवारपासून माझ्याशी बोलली नव्हती.

मी श्रेयसला म्हटलं, "एकोणिसाव्या भागाचा शेवट सगळ्यांना सांग."

त्यानं सांगितला. तसाच, छान. अमरावतीच्या जुन्या मंडळींनी माना हलवल्या.

"आता तुझ्या सत्ताविसाव्या हरकतीचं पहिलं वाक्य वाच."

तो वाचू लागला. "रेवा दार उघडते तेव्हा..." आणि थांबला. त्याचं बोट पुन्हा पहिल्या शब्दाकडे गेलं.

"घाईत लिहिलं असेल," तो म्हणाला. "वाक्यात चूक झाली."

"एका वाक्यात? अरे, खालची दोन पानं उघड्या दारावर उभी आहेत. दार बंद राहिलं असतं तर हिशेब कशाचा करायचा होता? तू गणित तपासलंस, ते बरोबर होतं. गोष्ट तपासली नाहीस. अमरावतीच्या वाचणाऱ्यांनीही नाही, आणि पहिल्या दिवशी मीही नाही. गोपाल, तुमच्याकडे शेवट कसा झाला होता?"

गोपालनं उभं राहून सांगितलं. सव्वाआठची लाइट, शाळेतली बैठक, सगळं. क्लासमध्ये कोणी हसलं नाही.

मला पुढे बोलायचं होतं, पण दामिनी उठली.

"सत्ताविसावी चूक हाये," ती स्क्रीनकडे पाहून म्हणाली. मान ताठ होती. "रेवानं दार उघडलं नाई, आमी उघडलं. चांदूर बाजारच्या पोरायनं. थे चूक माही हाये, आमच्या शाळेची हाये, आन् जगात दुसऱ्या कोनाची असू शकत नाई. ज्याच्या फायलीत थे चूक हाये, त्यानं माह्या वहीतून उचललं. आता ठरवा."

गीतांजली म्हणाली, "वही कोणाची ते कळलं. पण ती बुधवारच्या आत अकोल्याला कशी पोचली?"

"ते आता सोपं आहे," मी म्हणाले. "बुधवारी जे गेलं त्यात एक्केचाळीसच होत्या. म्हणजे गुरुवारी दोन वाढायच्या आधी कोणीतरी वही पाहिली. निधी तेव्हा नागपुरात होती, शनिवारी तिच्या हातात त्रेचाळीस आल्या. वाचणारे दोनच. उरलेला माणूस म्हणतो, मला वही शुक्रवारी मिळाली. हरकती श्रेयसच्या असत्या तर ते खरं मानता आलं असतं. हरकती दामिनीच्या आहेत, म्हणून ते खोटं आहे. किशोर, मंगळवारी वही तुझ्याकडे होती."

किशोर खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "मी माह्यासाठी केलं का, काकू? मले काय भेटनार होतं? मुंबईचे लोक डिग्री इचारतात. सुटलेली बी.एस्सी. पाहून त्यायनं फाईल बाजूले ठेवली असती, आन् वऱ्हाडाचा चान्स गेला असता. श्रेयस एम.टेक. हाये. वऱ्हाडाचं नाव व्हावं म्हून पानायचे फोटो पाठवले."

"मला सांगितलं, दोन्ही गटांचं काम आहे," श्रेयस हळूच म्हणाला.

"मग मला 'शब्द न् शब्द माझं' कशाला सांगितलंस?"

त्यानं फाईल मिटली. गोष्ट बेइमान नको म्हणणारा माणूस तो. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"मी डिग्री विचारलीच नव्हती," गीतांजली म्हणाली. "सत्ताविसावी सोडली तरी बेचाळीस राहतात, आणि सगळ्या पक्क्या आहेत. मला गणित येणारी माणसं पुष्कळ मिळतील. स्वतःची चूक अशी सांगणारं आज पहिल्यांदा भेटलं. काम दामिनीचं."

टाळ्या पडल्या. किशोरनं घाम पुसला आणि गडी तेवढ्यातही सावरला. "मी म्हनतो, नाव 'वऱ्हाड गट' असं टाकू. सगळ्यायचं समाधान. प्रकरण..."

"मिटत नाई," दामिनी म्हणाली. "माह्यं नाव टाका. दामिनी भुयार, चांदूर बाजार."

गीतांजली जरा अडखळली. "नावापुढे गाव टाकायची पद्धत नाही आमच्याकडे."

"मंग माह्यं नाव बी राहू द्या. काम दुसऱ्याले द्या." तिनं पिशवी खांद्याला लावली. हातात आलेलं सगळं ही पोरगी बाकावर ठेवून दाराकडे निघाली होती, आणि तिला थांबवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

"थांब," स्क्रीनवरून आवाज आला. "लिहिते. दामिनी भुयार, चांदूर बाजार."

दामिनी दारातूनच वळली.

"गाव नावाएवढंच मोठं लिहा," ती म्हणाली.